निसर्ग शिबिराला पंचवीस मुले पाठवायची आहेत, तर आधी आकडा कमी करा

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. पुण्यातील आपल्या सोसायटीतील निवृत्त मंडळींनी मिळून दीड लाख रुपये जमवले आहेत. हवेली तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेतील सहावी-सातवीच्या मुलांना येत्या मे महिन्यात भीमाशंकर परिसरातल्या पाच दिवसांच्या निसर्ग शिबिराला पाठवावे, असा आपला विचार आहे. शिबिराचे सवलतीचे शुल्क प्रत्येकी ६,००० रुपये आहे, म्हणून पंचवीस मुले, असा सरळ भागाकार आपण केला आहे. मुलांची निवड निबंध स्पर्धेतून करावी का, शिबिर चांगले आहे हे कसे ओळखावे आणि दिलेल्या रकमेवर करसवलत मिळेल का, असे आणखी तीन प्रश्नही त्याला जोडून विचारले आहेत. मी गेली बावीस वर्षे सह्याद्रीत मुलांची निसर्ग शिबिरे घेत आले आहे आणि प्रायोजित मुलांच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका मी स्वतः एकदा तरी केलेल्या आहेत. त्या अनुभवावरून माझे पहिले आणि मुख्य सांगणे असे, की या पैशांत पंचवीस नव्हे, चौदा मुले पाठवावीत.

आकडा कमी करायला सांगितल्यावर देणगीदारांचा चेहरा पडतो, हे मला माहीत आहे. पण एक जुनी गोष्ट सांगते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका सद्गृहस्थांनी वीस मुलांचे पूर्ण शुल्क भरले. पैसे आले, पावती दिली, शाळेकडून वीस नावे आली आणि निघण्याच्या दिवशी बसपाशी अकराच मुले उभी होती. शिबिर संपल्यावर मी उरलेल्या नऊ मुलांच्या घरी गेले. तिघांची कुटुंबे मराठवाड्यातल्या आपापल्या गावी गेली होती, कारण बांधकामावरची मंडळी वर्षातून एकदा, मे महिन्यातच, लग्नसराई आणि गावची जत्रा गाठून गावी जातात. दोन मुलींच्या आया धुणीभांडी करायला जात होत्या आणि शाळेला सुट्टी लागल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळणे ही त्या मुलींचीच जबाबदारी होती. एका मुलाला पहाटे साडेपाचला शिवाजीनगरला आणून सोडणारे कुणी नव्हते आणि त्या वेळी त्यांच्या वस्तीतून एकही बस निघत नव्हती. उरलेल्या तिघांचे कारण घरच्यांच्या तोंडून निघायला वेळ लागला. आम्ही पाठवलेल्या सूचनापत्रात बूट, विजेरी, पाठपिशवी, टोपी, पाण्याची बाटली, दोन पूर्ण बाह्यांचे सदरे, अंथरूण-पांघरूण अशी यादी होती. ती वाचून एका वडिलांनी शाळेत निरोप धाडला होता, की पोराला ताप आला आहे. पोराला ताप आलेला नव्हता.

यादी मी स्वतः लिहिली होती आणि त्यातल्या एकाही वस्तूच्या किमतीचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. शुल्क भरले म्हणजे मूल पाठवले, असे होत नाही, हे मला त्या नऊ घरांत कळले. शिबिराचे शुल्क फक्त शिबिराच्या फाटकाच्या आतला खर्च भागवते, आणि मूल अडते ते घरापासून त्या फाटकापर्यंतच्या वाटेवर. म्हणून प्रायोजकत्व घ्यायचे ते मुलाच्या उंबऱ्यापासून परत उंबऱ्यापर्यंत घ्यावे आणि जमल्यास त्यापुढेही वर्षभर चालवावे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

या मताप्रमाणे आपल्या दीड लाखांचा हिशेब असा होतो. चौदा मुलांचे शुल्क ८४,००० रुपये. पंधरावी व्यक्ती त्यांच्याच शाळेतील शिक्षिका असावी आणि तिचे शुल्क माफ करण्याची विनंती संस्थेला करावी; ज्या संस्थेला शिक्षक सोबत असण्याचे महत्त्व कळते, ती सहसा नाही म्हणत नाही. शाळेच्या दारातून नेण्यासाठी आणि तिथेच आणून सोडण्यासाठी लहान गाडीचे भाडे धरून १८,००० रुपये. बूट, पाठपिशवी, विजेरी, टोपी आणि नोंदवही यांसाठी प्रत्येकी १,२०० प्रमाणे १६,८०० रुपये. वैद्यकीय तपासणी आणि अपघात विमा यांसाठी ३,००० रुपये. पालकसभा, घरभेटी आणि शिबिर चालवणाऱ्यांपैकी एकाला त्या सभेला बोलावण्याचा खर्च ३,२०० रुपये. शिबिरानंतरच्या वर्षात चार छोट्या सहलींसाठी २०,००० रुपये, आणि ऐन वेळच्या अडचणींसाठी ५,००० रुपये राखीव. बेरीज बरोबर दीड लाख होते. गाडीचे भाडे आणि वस्तूंच्या किमती आपल्याकडे थोड्या इकडेतिकडे होतील, पण प्रमाण साधारण असेच राहते, म्हणजे शंभरातले छप्पन्न रुपये शिबिराला आणि चव्वेचाळीस त्याच्या आगेमागे.

तारखांच्या बाबतीत आपण संस्थेने दिलेली मेच्या तिसऱ्या आठवड्यातली तुकडी स्वीकारण्याच्या बेतात दिसता. ती स्वीकारण्यापूर्वी पालकांना विचारावे. पुण्याच्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळांत बाहेरगावाहून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांची मुले पुष्कळ असतात आणि ही कुटुंबे निकाल हाती पडल्यावर थोड्याच दिवसांत गावाकडे निघतात. त्यामुळे निकालानंतरचा पहिला आठवडा ही एकच खात्रीची वेळ मला वाटते. या बदलात एक तोटा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही: भीमाशंकरच्या बाजूला काजव्यांचा खरा हंगाम मेच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी, पाऊस तोंडावर आला की असतो. पहिल्या आठवड्यात काजवे भेटणार नाहीत. हुकू द्यावेत. करवंदांच्या जाळ्या, जांभळाची झाडे, हिरड्याखालचा सडा आणि शेकरूची घरटी एवढे पाच दिवसांना पुरून उरते.

आता निवडीविषयी. निबंध स्पर्धा कृपा करून घेऊ नये. निबंध चांगला लिहिणारे मूल कुठल्या ना कुठल्या स्पर्धेत चमकतच असते, आणि ‘निसर्ग आपला मित्र’ या विषयावरचा निबंध बहुधा मार्गदर्शक पुस्तकातून उतरलेला असतो. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. पुढे तो सर्वत्र शिकवला जाऊ लागला हे चांगलेच झाले. पण प्रत्यक्षात त्याची प्रकल्पवही म्हणजे कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली छापील चित्रे कापून चिकटवण्याचे काम झाले, हे आपल्या नातवंडांच्या वह्यांत आपण पाहिले असेलच. तेव्हा वहीवरून मूल ओळखू नये.

मी शिक्षकांना दोन प्रश्न विचारते. मधल्या सुट्टीनंतर वर्गात नेहमी उशिरा येणारे मूल कोणते, आणि ते उशिरा का येते? ज्या मुलाच्या खिशात काहीतरी सापडते, मग तो रिकामा शिंपला असो की टोळाचा पाय, ते मूल कोणते? या प्रश्नांची उत्तरे शिक्षक क्षणभरही न थांबता देतात. त्यातून साधारण पाच-सहा नावे निघतात. उरलेल्या जागांसाठी ज्यांना यायचे आहे आणि ज्यांच्या घरचे पाठवायला तयार आहेत, अशा सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या वर्गासमोर उचलाव्यात. चिठ्ठीत नाव आले नाही याचे मुलाला वाईट वाटते, पण आपण कमी ठरलो असे वाटत नाही. एका वर्गातून एकटे मूल कधीही नेऊ नये. किमान दोघे असावेत, कारण परत आल्यावर पाहिलेल्या गोष्टी बोलायला साक्षीदार लागतो. मुली निम्म्या असाव्यात आणि त्यासाठी त्यांच्या घरी सर्वांत आधी जावे लागते. मुलीला चार रात्री बाहेर पाठवायला आई तयार होते ती सूचनापत्रावर विसंबून नव्हे. सोबत जाणाऱ्या बाई कोण आहेत, हे डोळ्यांनी पाहिल्यावर तयार होते. धाकट्या भावंडांचा प्रश्न असेल तर त्या पाच दिवसांपुरती सोय कोण करील, हेही तिथेच बोलावे. आपल्या गटातील आजी मंडळींपैकी एखाद्या ताईंनी या घरभेटींना जावे, असे मी आवर्जून सुचवते. शिबिर सुट्टीत असले आणि पालकांची लेखी संमती असली, तरी मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवून ठेवावे. शिक्षिका सोबत जाणार असल्यामुळे ते तिच्याही सोयीचे आहे.

शिबिराची पारख हा आपला सर्वांत मोठा प्रश्न आहे आणि त्यावर मी सविस्तर लिहिते, कारण हल्ली ‘निसर्ग शिबिर’ या नावाखाली काहीही चालते. दोरावरून घसरणे, छऱ्याची बंदूक चालवणे, चिखलात लोळणे आणि रात्री कर्ण्यावर गाणी लावून नाचणे यात मुलांना मजा येते, यात शंका नाही, पण त्यासाठी जंगलापर्यंत जाण्याची गरज नाही. शिवाय असे साहसी उपक्रम असतील तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे आयोजकांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, हे वेगळे विचारावे लागते. निसर्ग शिबिराचे वेळापत्रक हातात आले की मी त्यात एकच गोष्ट शोधते: ज्या दोन तासांत मुलांना काहीही ‘कार्यक्रम’ नाही, असे दोन तास दिवसात आहेत का? पहाटे सहापासून रात्री दहापर्यंत प्रत्येक अर्धा तास भरलेला असेल, तर त्या आयोजकाला मुलांची भीती वाटते, असे समजावे.

त्या रिकाम्या दोन तासांत काय होते, ते एका प्रसंगावरून सांगते. भीमाशंकरजवळच्याच एका शिबिरात सहावीतल्या एका मुलीच्या चपलेचा अंगठा पहिल्याच दिवशी तुटला. तारेने बांधून पाहिला, पण कातळावरून चालणे शक्य नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे कड्याकडे गेले तेव्हा ती मुक्कामाच्या घराच्या ओसरीवर बसून राहिली. आम्ही परतलो तेव्हा ती ओटीखाली उकिडवी बसून मातीतल्या नरसाळ्यासारख्या लहान खड्ड्यांकडे पाहत होती. एक किडा असे खड्डे करून तळाशी दडून बसतो, आणि घसरून आत पडणारी मुंगी पकडतो. तिने सदतीस खड्डे मोजले होते, एका कागदावर ओसरीचा नकाशा काढून ते मांडले होते आणि तिचे म्हणणे होते, की हे सगळे खड्डे वळचणीच्या आतच आहेत, बाहेर एकही नाही, कारण बाहेरची माती पाणी शिंपडून घट्ट झाली आहे आणि आतली पिठासारखी आहे. कुणी काही शिकवलेले नव्हते. तिचे निरीक्षण अगदी बरोबर होते; त्या किड्याला कोरडी, भुसभुशीत, आडोशाची मातीच लागते. चप्पल तुटली ते बरे झाले, असा याचा अर्थ नाही. कड्याकडे जाण्याचा तिचाही हक्क होता आणि तो माझ्या निष्काळजीपणामुळे गेला, कारण तिच्या पायात काय आहे हे मी निघण्यापूर्वी पाहिले नव्हते.

भीमाशंकरची निवड मला पसंत आहे. १९८५ साली घोषित झालेले हे सुमारे १३० चौरस किलोमीटरचे अभयारण्य महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या शेकरूसाठी प्रसिद्ध आहे, आणि शेकरू हा मुलांसाठी फार सोयीचा प्राणी आहे, कारण तो दिवसा दिसतो. एक शेकरू पाने-काटक्यांची एकाहून अधिक घरटी बांधतो, त्यामुळे प्राणी दिसला नाही तरी घरटी मोजता येतात, ती कोणत्या झाडावर आणि किती उंचीवर आहेत याची नोंद करता येते. वाघ पाहायला नेलेली मुले वाघ न दिसल्यास रिकाम्या हाताने परततात. इथे तसे होत नाही. अंजनी, जांभूळ, हिरडा यांचे निमसदाहरित रान, आहुपेसारख्या गावची देवराई आणि कारवीच्या कुडाची घरे हे सारे एका परिसरात पाहायला मिळते. फक्त ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाची गर्दी शनिवार-रविवारी प्रचंड असते; शिबिर सोमवार ते शुक्रवार असावे आणि मुक्काम देवळाच्या परिसरापासून दूरच्या एखाद्या गावात असावा.

त्या गावातील महादेव कोळी कुटुंबांची मुलेही शिबिरात असावीत, अशी अट आपण घालू शकता. उन्हाळ्यात ही मंडळी बाळहिरडा गोळा करून वाळवतात आणि विकतात. तिथल्या मुलाने वाळत घातलेला हिरडा हातात घेऊन, तो कधी तोडायचा, किती दिवस उन्हात ठेवायचा आणि पाऊस आला तर रात्री उठून कसा झाकायचा हे सांगितले, की पुण्याहून आलेली मुले आणि मार्गदर्शकही गप्प बसून ऐकतात. जे शिबिर गावातल्या माणसांना फक्त स्वयंपाक करायला आणि सामान उचलायला बोलावते, त्याच्या शिक्षणविषयक दाव्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

सुरक्षिततेचे प्रश्न विचारताना संकोच करू नये. दर आठ ते दहा मुलांमागे एक मार्गदर्शक असावा आणि मुली असतील तिथे रात्री मुक्कामी राहणारी महिला मार्गदर्शक असलीच पाहिजे. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाला कुठेही वेगळे नेऊ नये, हा नियम लेखी असावा. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१२ चा कायदा आपल्याला माहीत आहे का, तक्रार आल्यास आपण कुणाला कळवता, हे आयोजकांना थेट विचारावे, आणि १०९८ हा मदतीचा क्रमांक मुलांनाही सांगावा. उत्तर देताना आयोजक रागावला, तर दुसरे शिबिर शोधावे.

शहरी पालक सर्वांत आधी सापाविषयी विचारतात. माझ्या मते क्रम वेगळा आहे. पहिली भीती पाण्याची; धरणाच्या फुगवट्यात, नदीच्या डोहात किंवा शेततळ्यात कोणत्याही मुलाने उतरायचे नाही, पोहता येत असले तरीही नाही. दुसरी आग्या मोहोळाची. कड्यांवर आणि उंच झाडांवर ही मोहोळे असतात, त्यामुळे धूर करणे, दगड मारणे, आरडाओरडा आणि अत्तराचा फवारा हे चारही टाळायला हवे. तिसरी उन्हाची. त्यानंतर साप आणि विंचू. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांच्या दंशावर चालणारी लस एकच असते, आणि विंचूदंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या संशोधनामुळे प्राझोसिन या औषधाचा वापर सुरू होऊन मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आले. तेव्हा विचारायचे ते एवढेच, की ही लस आणि हे औषध सर्वांत जवळ कुठे मिळते, तिथे रात्री डॉक्टर असतात का, आणि मुक्कामाच्या ठिकाणी रात्रभर एक गाडी चालकासह उभी असते का. जवळचे आरोग्य केंद्र, मग घोडेगाव, मग मंचर, असा क्रम आयोजकांच्या तोंडावर असायला हवा.

मुलांच्या मानाचा प्रश्न मला याइतकाच महत्त्वाचा वाटतो. एका ठिकाणी प्रायोजित मुलांना देणगीदारांचे नाव छापलेले पिवळे सदरे दिलेले मी पाहिले आहेत. बाकीच्या मुलांचे सदरे आपापले होते. पहिल्या जेवणालाच पिवळी पंगत वेगळी बसली आणि पाच दिवस ती वेगळीच राहिली. आपल्या चौदा मुलांना मिळणाऱ्या वस्तू इतर मुलांपेक्षा उठून दिसणार नाहीत अशा असाव्यात, त्यांना चार वेगवेगळ्या गटांत विभागावे, आणि कोणाचे पैसे कोणी भरले हे मार्गदर्शकांनाही कळण्याचे कारण नाही. संस्थाचालक आणि हिशेबनीस यांना माहीत असले म्हणजे पुरे. मोठ्या धनादेशासह मुलांचे छायाचित्र, आभाराची सक्तीची पत्रे आणि ‘तुला काय शिकायला मिळाले’ हे माईकवर सांगायला लावणारा समारोप, हे तिन्ही आपण स्वतःहून नको म्हणून सांगावे. आयोजकांना वाटते, की देणगीदारांना ते हवेच असते. आपण बोलला नाहीत तर ते होणारच. भेट द्यायची असेल तर आपल्यापैकी दोघांनी तिसऱ्या दिवशी सकाळी जावे, मुलांबरोबर चालावे, जेवावे आणि भाषण न करता परतावे.

करसवलतीचे थोडक्यात सांगते. आयकर कायद्यात ८०जी या नावाने ओळखली जाणारी वजावट मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते. शिबिराचे शुल्क ही सेवेची किंमत आहे, देणगी नव्हे. म्हणून संस्था नोंदणीकृत न्यास असेल आणि तिला ही मान्यता असेल, तर वंचित मुलांच्या शिक्षणासाठी देणगी असे पत्र देऊन रक्कम द्यावी आणि देणगीचे प्रमाणपत्र मागावे. खासगी सहल कंपनीला भरलेल्या पैशांवर काहीही मिळणार नाही. २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोख दिल्यास सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही वजावट घेताच येत नाही, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत हा प्रश्नच निकालात निघाला असेल. सगळी रक्कम मात्र संस्थेकडे देऊ नये. शुल्क संस्थेला, गाडीचे पैसे गाडीवाल्याला, बुटांचे दुकानदाराला, आणि सहलींचे वीस हजार आपल्या गटाच्या खात्यातच राहू द्यावेत. संस्थेशी एक पानाचा करार करावा आणि त्यात एवढे असावे, की एखादे मूल ऐन वेळी आले नाही तर त्याच शाळेतील प्रतीक्षायादीवरचे मूल घेतले जाईल. प्रतीक्षायादी चार नावांची असावी आणि त्या चौघांच्याही वैद्यकीय तपासण्या व संमतिपत्रे आधीच तयार असावीत.

वीस हजारांच्या चार सहलींविषयी आपल्या गटात मतभेद होतील, कारण त्या पैशांत आणखी तीन मुलांचे शुल्क भरले जाते. पण पाच दिवसांत मूल पाहायला शिकते आणि सहा महिन्यांत विसरते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की हा खर्च मी कुणालाही कापू देत नाही. पहिली सहल पावसाळ्यात वेताळ टेकडीवर करावी. दुसरी ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात करावी. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून हा सप्ताह राज्यात साजरा होतो. त्यासाठी लांब जायला नको, कवडीपाट आपल्या हवेली तालुक्यातच आहे. मुळा-मुठेच्या त्या बंधाऱ्यावर हिवाळ्यात चक्रवाक बदके येतात, आणि त्याच पाण्यात पुण्याचा प्लास्टिक कचराही अडकलेला असतो. मुलांना दोन्ही एका नजरेत दिसू द्यावे, वर प्रवचन देऊ नये. तिसरी सहल जानेवारी-फेब्रुवारीत भिगवणला रोहित पक्षी पाहायला आणि चौथी मार्चमध्ये, पळस-पांगारा फुललेले असताना, शाळेच्याच आसपास. मधल्या काळात प्रत्येक दोन मुलांनी शाळेच्या वाटेवरचे एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, फुले आणि फळे नोंदवावीत. सीझनवॉच या देशव्यापी उपक्रमात शाळांना अशा नोंदी पाठवता येतात, आणि सोबत गेलेल्या शिक्षिका तो भाग सहज सांभाळू शकतात. शिक्षिका शिबिराला असाव्यात असे मी म्हटले, ते मुख्यतः यासाठीच.

आता लगेच करायचे काम बुटांचे आहे. मुलांना मापाचा आकडा विचारू नये, बहुतेकांना तो माहीत नसतो आणि काही जण मोठ्या भावाचा सांगतात. वर्गात वर्तमानपत्र पसरून प्रत्येकाला अनवाणी उभे करावे, दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवावी, कागदावर नाव घालावे आणि ते चौदा व प्रतीक्षायादीचे चार, असे अठरा कागद घेऊन दुकानात जावे. त्या कागदापेक्षा बोटभर मोठा, कापडी, खाचेच्या तळव्याचा बूट घ्यावा आणि त्यासोबत मोज्यांचे दोन जोड. हे बूट निघण्याच्या आदल्या दिवशी वाटू नयेत. किमान पंधरा दिवस आधी द्यावेत आणि रोज शाळेत घालून यायला सांगावे, म्हणजे ते पायात रुळतात आणि पहिल्या चढावर टाचा सोलवटत नाहीत.